कास्टिंगच्या एक्स-रेवर निकाल सॉफ्टवेअरने द्यावा का?

प्रश्न थोडक्यात: चाकणच्या एका ॲल्युमिनियम डाय कास्टिंग (वितळलेला धातू दाबाने साच्यात, म्हणजे डायमध्ये, भरून भाग बनवण्याच्या) कारखान्यातल्या क्वालिटी इन्चार्जनी विचारलं आहे. त्यांच्याकडे फ्लॅट पॅनेलचं एक्स-रे मशीन आहे. हाउसिंगच्या प्रत्येक जॉबचे, म्हणजे नगाचे, बारा व्ह्यू (वेगवेगळ्या बाजूंनी चित्रं) घेतात आणि दर शिफ्टला दोन माणसं स्क्रीनसमोर बसून ओके-रिजेक्ट करतात. एकाने काढलेला जॉब दुसरा पास करतो, त्यावरून रोज वाद होतो. मालकांना आता हे काम सॉफ्टवेअरवर टाकायचं आहे. विक्रेता ९९ टक्के अचूकतेची हमी देतो, तर खात्यातला एक तरुण इंजिनिअर म्हणतो की पायथनमध्ये आपणच करू. शिवाय दुसऱ्या युनिटमध्ये वेल्डच्या जुन्या आरटी (रेडिओग्राफी तपासणीच्या) फिल्म पडून आहेत, त्याही याच सॉफ्टवेअरने वाचता येतील का?

उत्तर:

सॉफ्टवेअर जरूर घ्या. पण तुम्ही लिहिलेला वाद सॉफ्टवेअरने मिटणार नाही, कारण तो दोन माणसांच्या नजरेतला नाहीच. तो ड्रॉइंगमधला आहे.

ड्रॉइंग काढून बघा. बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात एवढंच लिहिलेलं असतं: एएसटीएम ई५०५, लेव्हल २. ई५०५ म्हणजे एएसटीएम या मानक संस्थेचा डाय कास्टिंगसाठीच्या संदर्भ रेडिओग्राफचा संच. त्यात पोरॉसिटी (धातूतली बारीक पोकळ भोकं, एकेक म्हणजे पोअर), कोल्ड फिल (धातू नीट न भरता थंड झालेली जागा), श्रिंकेज (थंड होताना आकसून पडलेली पोकळी) आणि परका पदार्थ असे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाच्या चढत्या पायऱ्या, म्हणजे लेव्हल. तपासणाऱ्याने समोरचं चित्र त्या चित्राशेजारी धरायचं आणि 'याच्यापेक्षा बरं की वाईट' ते ठरवायचं. माणसाला हे जमतं, कारण तो नकळत दहा गोष्टी जमेस धरतो: पोअर कुठे आहे, शेजारी बोल्टचं भोक आहे का, हा भाग पुढे मशीनिंगमध्ये कापला जाणार आहे का. सॉफ्टवेअरला यातलं काही कळत नाही. त्याला आकडा लागतो. सर्वांत मोठं पोअर किती मिलिमीटर चालेल, दोन पोअरमध्ये किमान किती अंतर हवं, ठरावीक चौकटीत एकूण किती टक्के क्षेत्र भरलेलं चालेल. हे आकडे तुमच्याकडे आज नाहीत, म्हणूनच तुमची दोन माणसं दोन निकाल देतात. सॉफ्टवेअर बसवलं की तिसरा निकाल येईल, एवढंच.

म्हणून पहिलं काम ग्राहकाच्या डिझाइनवाल्यांबरोबर बसायचं. जॉबचे झोन पाडून घ्या. सीलिंग फेस, बेअरिंगचा बोअर, थ्रेड पडणारी भोकं हा एक झोन. ताण घेणाऱ्या रिब आणि माउंटिंगचे कान हा दुसरा. उरलेला सगळा तिसरा. प्रत्येकाला वेगळा आकडा. मशीनिंगमध्ये उघडं पडून गळती करणारं पोअर आणि जाड बॉसच्या पोटात निवांत बसलेलं पोअर यांना एकच नियम लावला, तर एक तर चांगला माल भट्टीत जाईल किंवा गळका जॉब ग्राहकाकडे. ही बैठक कंटाळवाणी असते, दोन-तीनदा फिसकटते, आणि कुठलाही विक्रेता ती तुमच्यासाठी घेणार नाही. ती घ्याच.

आकडे ठरवताना एक गोष्ट मात्र त्यांच्या कानावर घाला. एक्स-रे चित्र ही सावली आहे. २० मिमी जाडीत वेगवेगळ्या खोलीवर असलेली चार लहान पोअर एकावर एक पडली तर सॉफ्टवेअर त्यांचं एकच मोठं पोअर मोजणार. चित्रातले पाच टक्के म्हणजे धातूतले पाच टक्के नव्हेत. ग्राहकाला घनफळातली पोरॉसिटी हवी असेल तर सीटी स्कॅन लागेल, तो सगळ्या मालाचा शक्य नाही, आणि मग नमुन्यापुरता सीटी आणि रोजच्या मालाला साधं चित्र अशी विभागणी लेखी ठरवून घ्यावी लागते.

आता चित्राकडे. माझ्या अनुभवात स्वयंचलित तपासणी जिथे फसली तिथे दहातल्या आठ वेळा अल्गोरिदम बरा होता, चित्र कच्चं होतं. तुमच्याच जॉबचं ढोबळ गणित मांडून दाखवतो, म्हणजे नेमकं काय मागायचं ते लक्षात येईल.

समजा तुम्हाला ०.५ मिमीचं पोअर पकडायचं आहे. डाय कास्टिंगला आपण वापरतो त्या किरणांत ॲल्युमिनियम दर सेंटीमीटरला साधारण ०.६ या गुणांकाने किरण शोषतं. ०.५ मिमी म्हणजे ०.०५ सेंमी, गुणिले ०.६, म्हणजे उजेडात फरक पडला तीन टक्के. पण पॅनेलवर सरळ आलेल्या किरणांबरोबर जॉबमधून विखुरलेलेही येतात. ते सरळ किरणांइतकेच असले तर तीनाचे दीड टक्के झाले. पार्श्वभूमीचा ग्रे आकडा (चित्रातल्या उजेडाची पातळी) २०,००० असेल तर पोअरमुळे तो जेमतेम ३०० ने हलणार. एका फ्रेममध्ये निव्वळ नॉइजच (कारण नसताना होणारी चढउतार) एक टक्का, म्हणजे २०० आकड्यांचा असेल, तर हे पोअर आणि नॉइज यांत फरक करणं माणसालाही अवघड आणि सॉफ्टवेअरलाही. सोळा फ्रेमची सरासरी घ्या. नॉइज वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे चौपट घटतो आणि ५० वर येतो. आता ३०० विरुद्ध ५०. हे चित्र सॉफ्टवेअरला द्यायला हरकत नाही. सायकल टाइम वाचवायला प्रॉडक्शनवाले पहिली कात्री या फ्रेमच्या संख्येलाच लावतात, आणि मग सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून फोन येतो.

याच हिशेबात आणखी एक सापळा आहे. पॅनेलचं मूळ चित्र १६ बिटचं असेल तर त्यात ६५,५३६ पायऱ्या असतात. ऑपरेटरने ते 'बघायला सोपं जावं' म्हणून ८ बिटमध्ये साठवलं की उरतात २५६. म्हणजे मूळच्या २५६ आकड्यांची एक पायरी झाली. तुमचं ३०० आकड्यांचं पोअर जेमतेम एक-दोन पायऱ्यांवर आलं. वर जेपेग केलं असेल तर बोलायलाच नको. तेव्हा मूळ १६ बिट टिफ किंवा डायकॉन्ड स्वरूपातच साठवण करा. दवाखान्यातली चित्रं साठवायच्या डायकॉम या पद्धतीचं डायकॉन्ड हे आपल्या क्षेत्रासाठी केलेलं रूप, एएसटीएम ई२३३९ मध्ये दिलेलं आहे. चित्राबरोबर केव्ही, एमए (नळीचं व्होल्टेज आणि करंट), फ्रेम, जॉबचा नंबर हे सगळं त्याच फाइलमध्ये राहतं. दोन वर्षांनी ग्राहकाची तक्रार आली की याची किंमत कळते.

बारीकपणाचंही तसंच. १३९ मायक्रॉनच्या पिक्सेलचं पॅनेल आणि दुप्पट मॅग्निफिकेशन धरलं तर जॉबवर एक पिक्सेल सुमारे ७० मायक्रॉनचा पडतो. ०.५ मिमीचं पोअर सात पिक्सेल रुंद झालं, छान. पण एक्स-रे नळीचा फोकल स्पॉट (किरण जिथून निघतात तो ठिपका) ०.४ मिमीचा असेल तर त्याच दुप्पट मॅग्निफिकेशनला जॉबच्या पातळीवर ०.२ मिमीचा धूसरपणा येतो. म्हणजे ०.२ मिमीचं पोअर या मशीनवर सॉफ्टवेअरकडून मागूच नका. मशीन देऊ शकत नाही ते सॉफ्टवेअर कुठून आणणार? हेच क्रॅक आणि कोल्ड शटबद्दल (धातूचे दोन प्रवाह न जुळल्याची फट). किरणांच्या दिशेत नसलेली बारीक चीर चित्रात उमटतच नाही. डायपेनिट्रंट (रंगीत द्रव लावून चिरा शोधायची चाचणी) बंद करून 'आता एआय बघेल' असं कुणी सुचवत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

चित्र सुधारलं की मग खरोखर सॉफ्टवेअरचा विषय सुरू होतो. जुनी, पारंपरिक पद्धत दोन प्रकारची. एकात निर्दोष जॉबचं चित्र मास्टर म्हणून ठेवतात आणि समोरच्या चित्रातून ते वजा करतात. दुसऱ्यात त्याच चित्रावर मीडियन फिल्टर लावून 'पोअर नसतं तर इथे काय दिसलं असतं' याचा अंदाज काढतात आणि तो वजा करतात. पहिली पद्धत झटपट बसते, पण तिला फिक्स्चर अगदी नेमकं लागतं. जॉब अर्धा मिलिमीटर सरकला की प्रत्येक कडेवर खोट्या दोषांची झालर दिसते. एका कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला अचानक सगळाच माल रिजेक्ट व्हायला लागला. पॅनेल तपासलं, नळी तपासली, सगळं ठीक. शेवटी कळलं की दुपारी डाय उतरवून एक इजेक्टर पिन (जॉब डायमधून ढकलून काढणारी) बदलली होती आणि नव्या पिनचा ठसा जुन्यापेक्षा किंचित उंच येत होता. मास्टर चित्रात तो ठसा नव्हता. टूल रूमने डायला हात लावला की एक्स-रे खात्याला चिठ्ठी गेलीच पाहिजे, हा नियम तिथे त्या दिवसापासून झाला. तुम्ही आधीच करा.

दुसरी पद्धत जॉब हलण्याला जास्त सहनशील, पण प्रत्येक झोनला फिल्टरचा आकार आणि थ्रेशोल्ड (कितीच्या पुढे दोष मानायचा ती मर्यादा) वेगळा ठरवावा लागतो. बारा व्ह्यू, प्रत्येकात पाच-सात झोन. हे बसवायला माणूस आठवडेच्या आठवडे खपतो. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये हे काम कोणाच्या नावावर आहे ते बघा. नवा जॉब आला की पुन्हा तेच.

आणि डीप लर्निंग, म्हणजे उदाहरणं दाखवून शिकवलेलं मॉडेल. ते उपयोगी आहे, विशेषतः श्रिंकेजसारख्या पिसाट आकाराच्या दोषांना, जिथे थ्रेशोल्डची पद्धत हात टेकते. २०१५ साली फ्रायबुर्गमधून आलेल्या यू-नेटसारख्या रचना पिक्सेलनिहाय दोष रंगवून देतात आणि कामचलाऊ मॉडेल आता कुणीही बनवू शकतो. सराव करायला चिलीतल्या विद्यापीठातल्या डोमिंगो मेरी यांच्या गटाने खुला केलेला जीडीएक्सरे हा संग्रह आहे: १९,४०७ चित्रं, त्यांतली २,७२७ कास्टिंगची. तुमच्या इंजिनिअरला हात साफ करायला उत्तम. पण त्यावर शिकलेलं मॉडेल तुमच्या हाउसिंगवर लावून लाइन चालवायची कल्पना सोडून द्या. जॉब वेगळा, पॅनेल वेगळं, नॉइज वेगळा.

तुमचीच चित्रं वापरून मॉडेल शिकवताना सगळ्यात जास्त फसवणूक कुठे होते सांगतो, आणि ती बहुधा कुणी मुद्दाम करत नाही. एका जॉबची बारा चित्रं असतात. सगळी चित्रं पिसून ऐंशी टक्के शिकायला आणि वीस टक्के परीक्षेला ठेवली, की एकाच जॉबची नऊ चित्रं अभ्यासात आणि तीन पेपरात येतात. शेजारच्या दोन व्ह्यूंत एकच पोअर दिसत असतं. मग ९९ टक्के सहज पडतात. चित्रांची वाटणी जॉबच्या नंबरवरून करा; त्याहून चांगलं म्हणजे शॉटच्या तारखेवरून. ऑगस्टपर्यंतच्या मालावर शिकलेल्या मॉडेलची परीक्षा ऑक्टोबरच्या मालावर. विक्रेत्याला हा एकच प्रश्न विचारा की वाटणी कशी केली. तो गडबडला तर ९९ चा आकडा विसरून जा.

त्या ९९ बद्दल आणखी थोडं. तो चित्रामागे असतो की जॉबमागे? समजा चांगल्या चित्राला खोटा दोष दाखवण्याचं प्रमाण फक्त एक टक्का आहे. बारा व्ह्यूंपैकी एकातही चूक झाली की जॉब बाजूला. बाराही व्ह्यू नीट जाण्याची शक्यता ०.९९ चा बारावा घात, म्हणजे ८८.६ टक्के. हजार चांगल्या जॉबमधले ११४ फुकट बाजूला पडले. मालकांना हा आकडा आधी दाखवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी थ्रेशोल्ड सैल करेल आणि खरे दोषही निसटायला लागतील.

पकडीची खात्री करायला विमान क्षेत्रातली रीत उसनी घ्या. तिथे दोष सापडण्याची शक्यता ९० टक्के आहे असं ९५ टक्के खात्रीने सांगता आलं पाहिजे अशी अट असते. सगळ्यात सोपा मार्ग: तुमच्या मर्यादेच्या आकाराचे २९ दोष वेगवेगळ्या जॉबमध्ये शोधून ठेवा, सीटी किंवा कापून खात्री केलेले. सॉफ्टवेअरने २९ पैकी २९ पकडले तर अट पुरी, कारण खरी पकड ९० टक्केच असती तर सलग २९ सापडण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत आली असती. एक सुटला तर ४६ पैकी ४५ लागतात. हे २९ जॉब विक्रेत्याला आधी दाखवायचे नाहीत, कपाटात कुलूप लावून ठेवायचे. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, पॅनेल बदललं, नळी बदलली की पुन्हा काढायचे. परीक्षेचं यंत्र हेच. याच्या तोडीचा दुसरा खर्च तुम्ही या प्रकल्पात करणार नाही.

रोजची तपासणी वेगळी. शिफ्ट सुरू होताना ठरावीक दोष असलेला एक संदर्भ जॉब मशीनमधून जाऊ द्या आणि आलेला आकडा नोंदवा. पॅनेल वयाबरोबर बदलतं, त्याचे पिक्सेल मरतात, गेनचं कॅलिब्रेशन सरकतं. पॅनेलच्या दीर्घकाळच्या स्थिरतेसाठी एएसटीएम ई२७३७ आहे, त्यातल्या चाचण्या महिन्याच्या वेळापत्रकात बसवा.

इथे सॉफ्टवेअरचा एक फायदा आहे जो विक्रेते फारसा सांगत नाहीत आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. सापडलेल्या प्रत्येक दोषाचे निर्देशांक साठवून महिन्याचा नकाशा काढा. एखादं 'पोअर' चित्रातल्या त्याच ठिकाणी, जॉब फिरवला तरी तिथेच दिसत असेल, तर तो पॅनेलचा मेलेला पिक्सेल. पण जॉबवरच्या त्याच ठिकाणी गर्दी होत असेल, तर बोट डायकडे जातं: हवा बाहेर सोडणारा व्हेंट तुंबलाय, धातू भरल्यावरचा जादा दाब (इंटेन्सिफिकेशन प्रेशर) उशिरा येतोय, त्या कोपऱ्याचं कूलिंग कमी पडतंय. दोन माणसांच्या ओके-रिजेक्टच्या वहीतून हे कधीच निघत नाही. रिजेक्शन निवडून बाजूला काढण्यापेक्षा ते होऊच न देण्यात पैसा आहे, आणि मालकांना सॉफ्टवेअर विकायचं असेल तर या मुद्द्यावर विका.

त्या दोन माणसांचं काय? त्यांना काढू नका. निकाल तीन खणांत टाका: स्पष्ट ओके, स्पष्ट रिजेक्ट आणि मधला संशयित. संशयित माणसापुढे जाऊ दे. मात्र त्याला सॉफ्टवेअरची लाल चौकट आधी दाखवू नका. चौकट दिसली की नजर तिथेच चिकटते आणि शेजारचं सुटतं. ओके खणातलेही थोडे जॉब न सांगता त्याच्यापुढे मिसळत राहा, म्हणजे दोघांचीही परीक्षा होत राहते. आणि ज्या ग्राहकाच्या करारात प्रमाणित लेव्हल २ तपासनिसाची (ही माणसाची पात्रता, ड्रॉइंगमधली लेव्हल नव्हे) सही मागितली आहे, तिथे सॉफ्टवेअरचा निकाल ही फक्त मदत; सही माणसाचीच. त्याच्याहून वरच्या पात्रतेच्या, तुमच्या लेव्हल ३ कडून तपासणीच्या लेखी पद्धतीत सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि सेटिंग घालून घ्या, आणि सेटिंगला पासवर्ड.

पायथनबद्दल: त्या मुलाला नाही म्हणू नका. आधी त्याला इमेजजे हे चित्रं मोजायचं सॉफ्टवेअर द्या, फुकट आहे. वर केलेलं ३०० आणि ५० चं गणित त्याने तुमच्या खऱ्या चित्रांवर करून दाखवू दे. मग ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीमध्ये एका व्ह्यूसाठी मास्क आणि मीडियनची पद्धत. महिन्याभरात तुम्हाला कळेल की चित्र त्या लायकीचं आहे की नाही, आणि विक्रेत्याच्या डेमोत कुठले प्रश्न विचारायचे. प्रत्यक्ष लाइनवर मात्र विकत घेतलेलं बसवा. पीएलसीशी (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरशी) जोडणी, नोंदी, आवृत्त्या, रात्री दोन वाजता बंद पडलं तर कोण उठणार, हे एका मुलाच्या लॅपटॉपवर चालत नाही, आणि तो उद्या दुसरीकडे गेला तर मागे राहतो तो फोल्डर.

राहिली वेल्डची फिल्म. याच सॉफ्टवेअरने? नाही. कास्टिंगला तुमच्याकडे ठरलेला आकार आहे. वेल्डची कॅप (वरचा उंचवटा) हाताने घातलेली, प्रत्येक इंचाला वेगळी, आणि अंडरकट (वेल्डच्या कडेची खाच) व कडेची सावली यांत अनुभवी माणसाचाही गोंधळ होतो. वर सांगितलेल्या त्या मोठ्या संग्रहातसुद्धा वेल्डची चित्रं अवघी ८८ आहेत, यावरून शिकवायला माल किती तोकडा आहे ते समजा. त्याआधी स्कॅनिंगचाच प्रश्न येतो. आरटी फिल्मची घनता, म्हणजे काळेपणाचं माप, ४ पर्यंत चालते, आणि घनता ४ म्हणजे दहा हजारांतला एक भाग उजेड पलीकडे जातो. ऑफिसातला स्कॅनर तिथे नुसता काळा रंग देतो. आयएसओ १४०९६ प्रमाणे दर्जा ठरवलेला फिल्म डिजिटायझर लागेल, तो भाड्याने सेवा देणाऱ्यांकडूनही मिळतो. जुनं रेकॉर्ड टिकवण्यापुरतं स्कॅनिंग आत्ताच करून घ्या, फिल्म पिवळ्या पडायच्या आत. निकाल मात्र व्ह्यूअरवर लेव्हल २ नेच द्यावा. तरी त्यातल्या काही फिल्मवर सॉफ्टवेअर चालवून बघायचंच असेल तर वेल्डची जाडी, सोर्स एक्स-रे होता की इरिडियम, आणि कुठल्या कोडखाली माल गेला होता एवढं लिहून पाठवा, मग त्याबद्दल वेगळं बोलू.